पासष्टीची वजावट सॉफ्टवेअरने बरोबर धरली का? फॉर्म १०४० वरची ओळ १२-ई आणि १३-बी उघडून बघा

यंदा फेब्रुवारीत शेजारच्या काका-काकूंचा टॅक्स भरायला बसलो होतो. न्यू जर्सीतलं आमचं हे दरवर्षीचं काम. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, बाजूला बँकेची आणि पेन्शनची पाकिटं रबरबँड लावून, काकूंनी चहा टाकलेला. या वर्षी सॉफ्टवेअर नवीन होतं, म्हणून नाव-पत्त्यापासून सगळं हाताने भरावं लागलं. तासाभरात प्रश्न संपले, हिरवी खूण उमटली, चुका शून्य.

काकांनी जन्म सहकारी बँकेच्या कॅशमध्ये घालवलेला. त्यांचा हिरव्या खुणेवर विश्वास नाही. त्यांनी एका पाकिटाच्या मागे पेन्सिलीने, पासष्टीपुढच्या जोडप्याला मिळणाऱ्या दोन वजावटींचे आकडे लिहून ठेवले होते: ३४,७०० आणि १२,०००. पडद्यावर होते ३३,१०० आणि ६,०००. "सात हजार सहाशे कमी धरलेत रे," ते म्हणाले. मी आधी वाद घातला. मग पहिल्या पानावर गेलो. काकूंचं जन्मवर्ष १९५९ आहे, मी १९६९ टाकलं होतं. सॉफ्टवेअरच्या लेखी काकू छप्पन्न वर्षांच्या होत्या आणि त्यात त्याला काहीच गैर वाटलं नव्हतं. का वाटावं? एकोणसत्तर सालची बायको असलेले सत्तावन्न सालचे नवरे जगात भरपूर आहेत.

काका-काकू १२ टक्क्यांच्या टप्प्यात बसतात. ७,६०० डॉलरची वजावट गेली असती तर ९१२ डॉलर जास्तीचा टॅक्स भरला गेला असता, आणि कुणालाही कळलं नसतं. तेव्हापासून तीनचार घरांतून तोच प्रश्न आला: "आमची पासष्टीची वजावट धरलीय ना? कुठे बघायची?" म्हणून हे लिहितोय.

वजावट म्हणजे बरणीचा धडा

पूर्वी वाण्याकडे तेल आणायला बरणी घेऊन गेलं की तो आधी रिकाम्या बरणीचा धडा करायचा. तितकंच वजन दुसऱ्या पारड्यात टाकायचं, काटा सरळ आला की मग तेल ओतायचं. पैसे तेलाचे, बरणीचे नाहीत. टॅक्सचंही तसंच आहे. उत्पन्नातला काही भाग आधीच वगळायचा आणि उरलेल्यावर टॅक्स मोजायचा. या वगळण्याला वजावट म्हणतात.

अमेरिकेत धडा दोन पद्धतींनी करता येतो. एक, सरकारने ठरवलेली ठोक रक्कम घ्यायची, पावत्या दाखवायच्या नाहीत. हे स्टँडर्ड डिडक्शन. दोन, आपल्या बरणीचं खरं वजन करायचं: घराच्या कर्जाचं व्याज, राज्याचे आणि घरपट्टीसारखे कर, देणग्या, मर्यादेबाहेर गेलेला दवाखान्याचा खर्च, सगळं एकेक करून शेड्यूल ए नावाच्या कागदावर मांडायचं. याला आयटमाइज करणं म्हणतात. दोन्ही एकदम मिळत नाहीत. सॉफ्टवेअर सहसा जे मोठं असेल ते आपोआप निवडतं.

२०२५ सालासाठी, म्हणजे ज्याचा फॉर्म १५ एप्रिल २०२६ पर्यंत भरायचा, ठोक रक्कम अशी आहे: एकट्या माणसाला १५,७५० डॉलर, एकत्र फॉर्म भरणाऱ्या जोडप्याला ३१,५००, आणि हेड ऑफ हाउसहोल्डला, म्हणजे लग्नाचा जोडीदार नसताना अवलंबितांचं घर चालवणाऱ्याला, २३,६२५. वर्षाच्या सुरुवातीला हे आकडे १५,००० आणि ३०,००० असे जाहीर झाले होते. जुलै २०२५ मध्ये नवा कायदा झाला आणि ते वाढले. कुणी गेल्या वर्षी हिवाळ्यात अंदाज काढून ठेवला असेल तर तो कागद आता रद्दीत टाका.

पासष्टीचा जादा धडा

वय ६५ झालं की या ठोक रकमेत भर पडते. एकट्या माणसाला, किंवा हेड ऑफ हाउसहोल्डला, २,००० डॉलर. विवाहितांना दर माणशी १,६००. म्हणजे दोघंही पासष्टीपुढचे असतील तर ३१,५०० अधिक ३,२००, एकूण ३४,७००. एकच असेल तर ३३,१००. एकटी आजी असेल तर १७,७५०. कायद्याच्या व्याख्येनुसार अंध असलेल्यांना एवढीच भर आणखी एकदा मिळते, मात्र चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर २०/२०० किंवा त्याहून कमी असावी लागते, किंवा दृष्टीचा पट्टा २० अंशांपुढे जाऊ नये. मोतीबिंदू आहे, रात्री गाडी चालवताना त्रास होतो, एवढ्यावर ही खूण करू नका.

ही सवलत मागावी लागत नाही, पावती लागत नाही, उत्पन्न किती यालाही महत्त्व नाही. आपल्या एसटीसारखंच. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ नंतर मोफत. कंडक्टर तुमच्या पांढऱ्या केसांकडे बघत नाही, कार्डावरची तारीख बघतो. सॉफ्टवेअर हा तसलाच कंडक्टर, फरक इतकाच की त्याला कार्ड दाखवता येत नाही. तुम्ही जी तारीख सांगाल ती त्याची.

पासष्ट कधी पूर्ण होतात?

इथे एक गमतीदार नियम आहे. अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या, म्हणजे आयआरएसच्या, हिशेबाने माणूस ६५ वर्षांचा होतो तो वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. त्यामुळे १ जानेवारी १९६१ ला जन्मलेला माणूस ३१ डिसेंबर २०२५ रोजीच ६५ चा धरला जातो आणि त्याला २०२५ ची पूर्ण वजावट मिळते. २ जानेवारीला जन्मलेल्याला एक वर्ष थांबावं लागतं. फॉर्मवर "२ जानेवारी १९६१ पूर्वी जन्मलेले" असं विचित्र वाक्य छापलेलं दिसतं ते यामुळे.

आपल्याकडेही हे भांडण झालेलं आहे. भारतात आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. मग १ एप्रिलला साठी गाठणाऱ्याला त्या संपलेल्या वर्षात ज्येष्ठ म्हणायचं की नाही? प्रत्यक्ष कर मंडळाने जुलै २०१६ मध्ये परिपत्रक काढून सांगितलं की म्हणायचं, कारण वय आदल्या दिवशीच पूर्ण होतं. दोन देश, दोन कायदे, आणि निकाल एकच.

आता आपल्या लोकांची खास अडचण. पन्नास-साठच्या दशकात गावाकडे शाळेत नाव घालताना गुरुजी विचारायचे, "कधीचा जन्म?" आई म्हणायची, "त्या मोठ्या पुराच्या साली." गुरुजी लिहायचे १ जून. महाराष्ट्रात १ जूनला इतके वाढदिवस का असतात याचं उत्तर त्या हजेरीपटात आहे. अमेरिकेत यायच्या वेळी तीच तारीख पासपोर्टवर, तिथून ग्रीन कार्डावर, तिथून सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे इथल्या सरकारी पेन्शन योजनेच्या, नोंदीत गेली. टॅक्सच्या फॉर्मवर तीच टाकायची. घरच्यांना माहीत असलेली खरी तारीख कितीही खरी असली तरी इथे उपयोगाची नाही. एक आजोबा मला म्हणाले, "अरे, मी तर खरं म्हणजे एकोणसाठ सालच्या दिवाळीतला." असतील. सरकारी कागदावर १ जून १९६० आहेत आणि तेच धरायचं.

तारखेचा क्रमही लक्षात ठेवा. इथे आधी महिना, मग दिवस. २५ ऑगस्ट भारतीय पद्धतीने टाकलं की सॉफ्टवेअर अडतं, कारण पंचविसावा महिना नसतो. ३ नोव्हेंबर टाकलं तर तो मुकाट्याने ११ मार्च समजतो. वर्ष तेच राहत असल्याने पासष्टीची वजावट यामुळे चुकत नाही, पण सरकारी नोंदीशी तारीख जुळत नाही, म्हणून दुरुस्त केलेली बरी. पैशाचं नुकसान करते ती वर्षातली चूक. यंत्र अशक्य गोष्ट पकडतं. शक्य असलेली पण खोटी गोष्ट त्याला पकडता येत नाही.

पडद्यावर नेमकं कुठे बघायचं

प्रश्नोत्तरांच्या गुळगुळीत पडद्यांवर हे दिसेलच असं नाही. तिथे "तुमची वजावट: इतके डॉलर" असा एकच ठोकळा असतो, त्यात काय काय मिसळलंय ते कळत नाही. फॉर्मचं पूर्वदृश्य उघडा, म्हणजे प्रत्यक्ष फॉर्म १०४० जसा छापला जाईल तसा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय कुठल्यातरी कोपऱ्यातल्या मेनूत असते. पैसे भरण्यापूर्वी ती मिळत नसेल तर निदान सारांशाचं पान तरी उघडतंच.

फॉर्मच्या दुसऱ्या पानावर वरतीच ओळ १२ आहे. तिचे तुकडे पाडलेत. १२-डी मध्ये चार चौकोन: तुम्ही २ जानेवारी १९६१ पूर्वीचे, तुम्ही अंध, जोडीदार तसाच, जोडीदार अंध. काका-काकूंच्या फॉर्मवर इथे दोन खुणा हव्या होत्या, होती एकच. खरं तर चूक शोधायला एवढं बघणंही पुरलं असतं. त्याच्या खाली १२-ई, तिथे वजावटीची रक्कम. मघाच्या आकड्यांशी ती ताडून बघा. ३४,७००, ३३,१००, १७,७५० यांपैकी तुमचा जो असेल तो तंतोतंत यायला हवा, कारण यात गोलमाल काहीच नाही, सरळ बेरीज आहे.

वेगळाच आकडा दिसला तर घाबरण्याआधी तीन शक्यता तपासा. आकडा मोठा असेल तर सॉफ्टवेअरने तुमच्यासाठी आयटमाइज केलंय, शेड्यूल ए उघडून बघा. आकडा फारच लहान असेल तर १२-ए मध्ये "दुसरं कुणीतरी तुम्हाला अवलंबित दाखवू शकतं" या चौकोनात खूण पडली असेल, त्याबद्दल पुढे सांगतो. आणि शून्य असेल तर १२-बी किंवा १२-सी बघा: नवरा-बायको वेगवेगळे फॉर्म भरतायत आणि एकाने आयटमाइज केलंय, की दुसऱ्याला ठोक रक्कम मिळत नाही. किंवा तुम्ही त्या वर्षी काही काळ अमेरिकेचे करनिवासी, म्हणजे टॅक्सच्या हिशेबाने इथले रहिवासी, नव्हतात.

ज्येष्ठांसाठी १०४०-एसआर नावाचा वेगळा फॉर्म २०१९ च्या करवर्षापासून आहे. अक्षर मोठं, आणि ठोक रकमेचा तक्ता फॉर्मवरच छापलेला. हिशेब मात्र तोच. सॉफ्टवेअरने १०४० छापला आणि एसआर नाही म्हणून सवलत हुकली असं होत नाही. पण डोळ्यांना सोयीचा तो, निवडता येत असेल तर निवडा.

आणि हे सहा हजार कुठून आले?

जुलै २०२५ च्या त्याच कायद्याने ६५ पुढच्यांना आणखी एक वजावट दिली, दर माणशी ६,००० डॉलर. ही २०२५ ते २०२८ अशी चारच वर्षं आहे. वर सांगितलेल्या २,००० किंवा १,६०० च्या जागी नव्हे, त्याशिवाय वेगळी. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही. तीन वेगळ्या रकमा, तिन्हींना सर्रास "सीनियर डिडक्शन" म्हणतात.

ही रक्कम १२-ई मध्ये मिळत नाही. ती शेड्यूल १-ए या नव्या कागदाच्या पाचव्या भागात मोजली जाते आणि फॉर्मच्या ओळ १३-बी वर येते. काका-काकूंना १२-ई वर ३४,७०० आणि १३-बी वर १२,०००, मिळून ४६,७००. एकट्या आजींना १७,७५० अधिक ६,०००, म्हणजे २३,७५०. १३-बी रिकामी असेल आणि तुमचं वय ६५ पुढे असेल, तर कुठेतरी काहीतरी राहिलंय, किंवा तुमचं उत्पन्न मर्यादेच्या पुढे गेलंय, किंवा खालची एखादी अट आडवी आलीय.

मर्यादा अशी. एजीआय, म्हणजे फॉर्मच्या ओळ ११ वरचं समायोजित एकूण उत्पन्न, एकट्याचं ७५,००० किंवा जोडप्याचं १,५०,००० च्या वर गेलं की वरच्या रकमेच्या ६ टक्के प्रत्येकाच्या सहा हजारांतून कापले जातात. जोडप्याचं १,८०,००० असेल तर वरचे ३०,०००, त्याचे ६ टक्के १,८००. प्रत्येकी उरले ४,२००, दोघांचे मिळून ८,४००. एकट्याचे १,७५,००० ला आणि जोडप्याचे २,५०,००० ला पूर्ण संपतात. परदेशातल्या पगाराची सूट वगैरे घेणाऱ्यांना त्यात थोडी भर घालून मोजावं लागतं, पण निवृत्त माणसाला सहसा तो प्रश्न येत नाही.

आणखी दोन अटी. विवाहित असाल तर एकत्र फॉर्म भरायला हवा. आणि ज्याच्या नावाने सहा हजार घ्यायचे त्याचा नोकरीसाठी ग्राह्य असा सोशल सिक्युरिटी नंबर हवा. ही दुसरी अट आपल्या आईवडिलांच्या बाबतीत आडवी येते. मुलाने ग्रीन कार्डावर बोलावलं, नोकरी करायची नाही, मग नंबर कशाला काढायचा, असं म्हणून तो राहून जातो. फॉर्म भरायच्या मुदतीच्या आत तो मिळालेला असावा लागतो. जुन्या जादा रकमेला मात्र ही अट नाही.

"पण आता सोशल सिक्युरिटीवर टॅक्सच नाही ना?"

व्हॉट्सअॅपवर हा निरोप वर्षभर फिरतोय. खोटा आहे, पण तो आला कुठून ते समजून घेण्यासारखं आहे.

सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनवरच्या टॅक्सचे नियम बदललेले नाहीत. उत्पन्न ठरावीक रेषेपुढे गेलं की पेन्शनचा काही भाग, जास्तीत जास्त ८५ टक्के, करपात्र धरतात. ती रेषा एकट्याला २५,००० आणि जोडप्याला ३२,००० पासून सुरू होते, आणि महागाईबरोबर ती वाढवलेली नाही. बदललंय ते शेवटचं गणित.

एक जोडपं घ्या, दोघंही सत्तरीचे. सोशल सिक्युरिटी ४०,०००, बाकी पेन्शन आणि व्याज ३०,०००. नियमाने ४०,००० पैकी ११,१०० करपात्र होतात. ओळ ११ वर येतात ४१,१००. सहा हजारांची नवी वजावट नसती तर यातून ३४,७०० गेले असते, ६,४०० उरले असते, टॅक्स ६४० डॉलर. आता ४६,७०० जातात. उरतं काहीच नाही. पेन्शन करपात्र होतीच, तिच्यावर टॅक्स आला नाही तो धडा मोठा झाल्यामुळे. पण याच जोडप्याने घर किंवा शेअर विकले आणि त्या वर्षी उत्पन्न वाढलं, तर टॅक्स पुन्हा लागेल. निरोप पाठवणाऱ्या काकांना हे सांगून बघा. मी सांगितलं, त्यांनी मला अंगठा पाठवला आणि दुसऱ्या दिवशी तोच निरोप पुन्हा फॉरवर्ड केला.

यातूनच एक आनुषंगिक गोष्ट. ही सगळी वजावट ओळ ११ च्या खाली आहे. मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा, हप्ता वाढवायचा की नाही ते दोन वर्षांपूर्वीच्या ओळ ११ वरून ठरवतात. त्यामुळे सहा हजारांनी टॅक्स कमी होईल, मेडिकेअरचा वाढीव हप्ता नाही.

"आम्ही आयटमाइज करतो, म्हणजे हे सगळं गेलं?"

२,००० किंवा १,६०० ची भर गेली, कारण ती ठोक रकमेचाच भाग आहे. सहा हजार राहतात. १२-ई वर शेड्यूल एची बेरीज आणि १३-बी वर सहा हजार असं दिसलं तर ते बरोबर आहे. अजूनही घराचं मोठं कर्ज आणि भरमसाट घरपट्टी असलेल्या न्यू जर्सीवाल्यांना हे लागू पडू शकतं, कारण राज्याचे कर आणि घरपट्टी वजा करण्यावरची मर्यादा २०२५ साठी १०,००० वरून ४०,००० झाली, फार मोठ्या उत्पन्नाला मात्र ती पुन्हा आक्रसते.

"आई माझ्यावर अवलंबून आहे, तिचं वय ७०. मला जादा वजावट?"

नाही. वयाची भर फक्त फॉर्म भरणाऱ्याच्या आणि त्याच्या जोडीदाराच्या वयाची. अवलंबित आईचं वय तुमच्या फॉर्मवर काही वाढवत नाही. तिच्यासाठी तुम्हाला ५०० डॉलरची सूट मिळू शकते, ती वजावट नसून थेट टॅक्समधून कमी होते.

पण आईला स्वतःचा फॉर्म भरावा लागला तर? समजा ती ग्रीन कार्डावर इथे राहते आणि पुण्यातल्या मुदत ठेवींचं वर्षाला ४,००० डॉलर व्याज येतं. करनिवासी झाल्यावर जगभरचं उत्पन्न इथे दाखवायचं असतं. दुसऱ्यावर अवलंबून असलेल्याची ठोक रक्कम मात्र छाटलेली असते: १,३५०, किंवा कमावलेलं उत्पन्न अधिक ४५०, यांत जे मोठं ते. व्याज ही कमाई धरत नाहीत, म्हणून १,३५०. त्यात वयाचे २,०००, एकूण ३,३५०. सत्तरीच्या बाईच्या १२-ई वर १७,७५० च्या जागी ३,३५० दिसतात ते यामुळे. सॉफ्टवेअर चुकलेलं नाही.

या प्रश्नाचे शब्द नीट वाचा. सॉफ्टवेअर विचारतं, "कुणी तुम्हाला अवलंबित दाखवू *शकतं* का?" प्रत्यक्ष दाखवणार का, असं नाही. मुलाने यंदा दाखवायचं टाळलं तरी उत्तर "हो" असू शकतं. आईचं एकूण करपात्र उत्पन्न ५,२०० डॉलर किंवा त्याहून जास्त असेल, तर २०२५ साठी ती अवलंबित होऊच शकत नाही आणि तिला पूर्ण रक्कम मिळते. पुण्यातच राहणारे आईवडील, तुम्ही दर महिन्याला कितीही पाठवा, इथल्या फॉर्मवर अवलंबित होत नाहीत.

"बाबा ऑगस्टमध्येच आलेत"

मग १२-सी कडे लक्ष द्या. वर्षाच्या मध्यात ग्रीन कार्डावर आलेला माणूस त्या वर्षी अर्धा अनिवासी आणि अर्धा निवासी असतो. अशा वर्षाला ठोक वजावट मिळत नाही, ६५ चे असोत की ८५ चे. आई-बाबा दोघं आले असतील तर एक पर्याय आहे: दोघांनी मिळून पूर्ण वर्ष निवासी धरून एकत्र फॉर्म भरायचा. मग वजावट मिळते, पण जानेवारीपासूनचं भारतातलं उत्पन्नही आत येतं. घरभाड्याने दिलेला फ्लॅट आणि पेन्शन असेल तर दोन्ही बाजूंनी गणित करून बघावं लागतं, आणि इथे सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहू नका. साठी ओलांडलेल्यांना टॅक्स कौन्सेलिंग फॉर द एल्डर्ली या आयआरएसच्या उपक्रमातून फुकट मदत मिळते, बरेचदा गावातल्या वाचनालयात. मात्र असली अर्ध्या वर्षाची प्रकरणं तिथेही सहसा घेत नाहीत, जाणकाराला थोडे पैसे द्यावे लागतील.

गंमत म्हणजे अनिवासी माणसाला एरवी ठोक वजावट नसताना भारतातून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांना ती मिळते, भारत-अमेरिका करारातल्या एकविसाव्या कलमामुळे. म्हणजे एफ-१ व्हिसावरच्या नातवाला आहे आणि ऑगस्टात आलेल्या आजोबांना नाही. आजोबांना हे समजावून सांगायची जबाबदारी मी घेत नाही.

भारतातून नुकतं आलेल्यांसाठी अजून एक. तिकडचं स्टँडर्ड डिडक्शन नावाने सारखं, वागण्याने वेगळं. ते पगार किंवा पेन्शन असणाऱ्याला मिळतं, नव्या करप्रणालीत ७५,००० रुपये, जुन्या प्रणालीत ५०,०००, आणि वयाने त्यात काही फरक पडत नाही. तिथे वयाचा फायदा आहे तो जुन्या प्रणालीत, करमुक्त मर्यादेच्या रूपाने: साठीला ३ लाख, ऐंशीला ५ लाख. इकडे पेन्शन नसलेल्यालाही ठोक रक्कम मिळते.

राज्याचा फॉर्म वेगळा

वर जे काही सांगितलं ते केंद्राचं. न्यू जर्सीच्या फॉर्मवर स्टँडर्ड डिडक्शन नावाची गोष्टच नाही. तिथे माणशी १,००० डॉलरची सूट आणि ६५ पुढच्यांना आणखी १,०००. तेव्हा राज्याच्या पानावर ३४,७०० शोधत बसू नका. इतर राज्यांचे नियम ज्याचे त्याचे.

फॉर्म पाठवून झाला असेल तर

दुरुस्तीचा फॉर्म १०४०-एक्स. मूळ फॉर्म भरल्यापासून तीन वर्षं, किंवा टॅक्स भरल्यापासून दोन वर्षं, यांत जे उशिराचं असेल तोवर पैसे परत मागता येतात. एप्रिलच्या मुदतीआधी भरलेला फॉर्म मुदतीच्या दिवशी भरला असं धरतात. जुने फॉर्मही याच निमित्ताने चाळून घ्या. २०२४ ला भर एकट्याला १,९५० आणि विवाहितांना दर माणशी १,५५० होती. सहा हजार तेव्हा नव्हते, त्यामुळे त्या वर्षीच्या फॉर्मवर ते नाहीत म्हणून दुरुस्ती पाठवू नका.

काकांच्या फॉर्मला दुरुस्तीची वेळ आली नाही. १९६९ चं १९५९ केलं, दोन्ही आकडे क्षणात जागेवर आले, काकूंनी थंड झालेला चहा पुन्हा गरम केला. काकांनी त्याच पाकिटावर २०२६ ची बेरीजही लिहून ठेवली आहे: ३२,२०० अधिक दोनदा १,६५०, एकूण ३५,५००, आणि वेगळे १२,०००. त्याखाली काकूंचं जन्मवर्ष, दोनदा अधोरेखित.